साखरेशिवाय दुसरं काही

"खातात हो त्या," ही दारातूनच म्हणाली. अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

मी मशीनवर होतो. तोंडात दोरा होता, म्हणून 'कोण?' ते भुवयांनीच विचारलं. आमच्या वरच्या मजल्यावर दोघी जावा राहतात, त्यांच्यावर माझा जुना डूख आहे. मला वाटलं, आज त्यांच्याबद्दल काहीतरी खमंग ऐकायला मिळणार.

"पिकलेल्या पेशी हो. साखरेला तोंड लावत नाहीत, पण दुसरं काही दिलं तर खातात. चक्क खातात."

एवढं बोलून ती माझ्या कापायच्या टेबलावर बसली, खडूनं आखून ठेवलेल्या एका पँटच्या कापडावर. दुसरं कुणी बसलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण हिचा चेहरा असा होता की मी दोरा तोंडातून काढला आणि म्हणालो, बरं, आता सावकाश सांग.

मी शिंपी आहे आणि माझी बायको शास्त्रज्ञ आहे. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग आमचं जमलं कसं ते विचारतात. तिच्या संस्थेतल्या सगळ्यांचे पांढरे एप्रन मी शिवतो, वडिलांपासून ते काम आमच्याकडे आहे. नोकरीला लागल्या लागल्या ही दुकानात भांडायला आली होती. ही डावखुरी, आणि छातीवरचा खिसा डाव्या बाजूला, त्यामुळे पेन काढताना हिचा हात मुरगळायचा. मी म्हणालो, सगळ्या संस्थेचा खिसा तिथंच आहे, एकट्या तुमच्यासाठी हलवू का? तर म्हणाली, "संस्थेनं पेन कुठल्या हातानं धरायचं ते संस्था बघेल. माझं मी बघते." मी खिसा हलवला. पुढच्या वर्षी लग्न झालं. दोन्हीकडच्या मंडळींनी तेव्हा मुरडलेली नाकं अजून पुरती सरळ झालेली नाहीत.

तिचं सगळं आयुष्य एकाच जातीच्या पेशींत गेलं. संस्थेतले लोक त्यांना इंग्रजी आद्याक्षरांनी हाक मारतात. त्यांच्या अंगाला झाडासारख्या फांद्या फुटतात म्हणून मी त्यांना फांदीवाल्या म्हणतो आणि घरात हीसुद्धा तेच म्हणते. या फांदीवाल्या आपल्या कातडीत, नाकात, आतड्यात पहाऱ्याला बसलेल्या असतात. तरुण असतात तेव्हा भारी खादाड. आजूबाजूचं पाणी घोट घोट पितात आणि त्यात काय आलंय ते चाखून बघतात. एखादा जंतू सापडला की मात्र त्यांचा नूर पालटतो. त्या पिकतात, फांद्या लांब करतात, जागा सोडून जवळच्या गाठीत जातात आणि तिथल्या लढणाऱ्या पेशींना जंतूचा तुकडा दाखवतात, की हा बघा असा दिसतो, याला धरा. घसा दुखायला लागल्यावर मानेत गाठ येते ना, ती याच लगबगीची.

तिचे सर म्हणायचे की पिकली की ही पेशी खाणं बंद करते. वाटेत दिसेल ते खात सुटली तर दाखवायचा तुकडा त्या गर्दीत हरवायचा. मला हे ऐकताक्षणीच पटलं होतं. कापड निवडेपर्यंत दहा दुकानं पालथी घालावीत, पण एकदा कात्री लागली की दुसऱ्या ताग्याकडे बघू नये. सरांनी या मिटलेल्या तोंडावरच नाव कमावलं. त्यांच्या खोलीच्या दारावर अशा एका पिकलेल्या पेशीचं भलं मोठं चित्र होतं.

सर वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. हिचा प्रबंध त्यांच्याच हाताखाली झाला. आमची लेक लहान असताना तापानं फणफणली तेव्हा त्यांनीच गाडी काढली होती. पण त्यांच्या प्रयोगशाळेचा एक रिवाज होता. प्रयोग सगळ्यांनी करायचे आणि सभागृहात सरांनी बोलायचं. बाहेरचे पाहुणे येवोत की वर्षाची सभा असो, फळ्यापाशी सर. ज्यांनी सुट्टीच्या दिवशीही येऊन पेशींना खाऊपिऊ घातलं ते मागच्या रांगेत बसून पडद्यावर आपापली रेघ ओळखत. ही त्या प्रयोगशाळेत जन्म काढत आली होती आणि त्या सभागृहात एकदाही बोलली नव्हती. वर्षअखेरीला ती निवृत्त होणार होती.

पेशी किती खाते ते मोजायची तिथली एक ठरलेली रीत होती. चमकणारा रंग लावलेली साखर द्यायची. पेशीनं ती प्यायली की पेशीही चमकते. मग एक मशीन एकेका पेशीला उजेडासमोरून नेतं आणि पडद्यावर डोंगर काढतं. उपाशी पेशींचा डोंगर डावीकडे, जेवलेल्यांचा उजवीकडे. तरुण पेशी उजवीकडे, पिकलेल्या डावीकडे, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. त्या दिवशी झालं असं की साखर संपली आणि नवी कुठंतरी वाटेत अडकली. पेशी तर वाढून तयार होत्या आणि त्या कुणासाठी थांबत नाहीत. हिनं फ्रीज धुंडाळला तर दुसऱ्या कामासाठी आणलेलं एक प्रथिन सापडलं. तेही रंगवलेलंच, पण त्याला जणू एक बटण लावलेलं, पेशीच्या अंगावरच्या ठरावीक काजात बसणारं. पेशी फेकून देण्यापेक्षा हेच देऊन बघू म्हणून हिनं दिलं, आणि पिकलेल्यांचा डोंगर उजवीकडे गेला.

"म्हणजे तोंड मिटलेलंच नाही?" मी विचारलं.

"पाणी पिणं बंद केलंय त्यांनी. दिसेल ते गट्ट करणं बंद केलंय. पण काजात जे नेमकं बसतं ते अजून आत घेतात. आम्ही आजवर साखरच देत आलो आणि साखर तर त्या पिण्यातूनच घेतात. मग खात नाहीत असंच दिसणार ना."

मी म्हणालो, म्हणजे एका माणसानं चहा सोडला, तुम्ही त्याच्यापुढे रोज चहाच ठेवलात आणि गावभर सांगितलंत की यानं अन्न सोडलं. ती इतकी हसली की टेबलावरचं कापड खाली आलं. खूप दिवसांनी तिला असं हसताना बघत होतो.

पण ही हुरळून जाणाऱ्यातली नाही. ते प्रथिन पेशीनं खाल्लंय की नुसतं अंगाला चिकटून बसलंय, हे आधी बघायला हवं होतं. त्याची युक्ती तिनं मला समजावून सांगितली. थंडीत पेशी काही गिळत नाही. तेव्हा एक नळी उबेत ठेवायची, एक बर्फात. बर्फातल्या पेशींच्या अंगाला प्रथिन चिकटतं, पण आत जात नाही, आणि एका खास पाण्यानं धुतलं की निघून जातं. उबेतल्यांनी गिळलेलं असतं, ते धुतलं तरी जात नाही. म्हणजे धुतल्यावर बर्फातली नळी काळी आणि उबेतली चमकणारी दिसली तर खाल्लं. धुवायचं पाणी मात्र बर्फातलंच हवं. कोमट पाणी लागलं तर थंड पेशी जाग्या होतात आणि धुता धुता गिळून मोकळ्या होतात. तिनं तो प्रयोग त्या हिवाळाभर परत परत केला. दर वेळी बर्फातली नळी काळी, उबेतली चमकणारी. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं मी म्हणायचो. ती म्हणायची, आरसा सरांना लागतो.

शेवटी एकदा ती सरांकडे गेली. त्या संध्याकाळी घरी आली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. मी नळ बंद केला तेव्हा कुठं बोलली. सरांनी सगळं बघितलं होतं. मग म्हणाले होते, आपला मोठा शोधनिबंध आता छापायला जायच्या बेतात आहे, त्यात हे घालून गोंधळ नको, पुढच्या वर्षी बघू. ही म्हणाली, पुढच्या वर्षी मी नाही. त्यावर सर म्हणाले, बाई, खरं सांगू का, तुमचा हात आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. धुताना काही राहून जात असेल. या वयात होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हात! अहो, मी उभा जन्म हात बघत आलोय. कुणाचा हात थरथरतो आणि कुणाचा नाही हे मला माणूस सुईत दोरा घालायला लागला की कळतं. हिचा डावा हात जसा तेव्हा होता तसाच आज आहे. मी जागचा उठलो आणि सरांकडे जातो म्हणालो. हातात कात्री तशीच होती हे माझ्या लक्षात नव्हतं. ही म्हणाली, "कात्री खाली ठेवा आणि बसा. माझा हात आहे, माझं मी बघते."

तिनं काय बघितलं, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सरांना सांगितलं की माझ्या हाताचा भरवसा नसेल तर हात तुमचा घ्या. पेशी तुम्ही निवडा, नळ्या तुम्ही धुवा. मी कशाला शिवणार नाही आणि प्रयोग संपेपर्यंत तोंडही उघडणार नाही. सर्वांच्या देखत असं म्हटल्यावर नाही म्हणायला सरांना जागा उरली नाही. खरं तर त्यांनी कित्येक वर्षांत हातात पिपेट धरलेली नव्हती. खुर्चीवर बसायला लागल्यापासून त्यांचं सगळं काम उंटावरून शेळ्या हाकण्याचं झालं होतं.

त्या दिवशी मीही तिथं होतो. नव्या एप्रनांची मापं घ्यायला मला बोलावलंच होतं, तो दिवस मी मुद्दाम साधला. सरांनी जुना एप्रन चढवला तर पोटावरची बटणं लागेनात. माझ्या गळ्यात टेप होता, पण ती वेळ नव्हती म्हणून गप्प राहिलो. ही जरा लांब, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात खिशात घालून उभी होती.

सुरुवातीला सर छान चालले होते. खोटं कशाला बोलू, हात जुना असला तरी बसलेला होता. एक नळी उबेच्या कपाटात गेली, एक बर्फाच्या डब्यात. वेळ झाल्यावर दोन्ही बाहेर आल्या. आता धुवायचं. टेबलावर एक बाटली होती, आणि तसलीच दुसरी बर्फात मानेपर्यंत रोवलेली. सरांनी हात लांब केला आणि टेबलावरची बाटली उचलली. आधी उबेतली नळी धुतली, मग त्याच बाटलीनं बर्फातली.

मी हिच्याकडे बघितलं. तिच्या खिशांतल्या मुठी इतक्या आवळल्या होत्या की माझ्या शिलाईवर ताण आलेला मला लांबून दिसत होता. ओठ मिटलेले. ती एक शब्द बोलली असती तर बाटली बदलली असती. ती बोलली नाही. सरांनी सावकाश, नीट, मन लावून चुकीच्या पाण्यानं नळी धुतली आणि मशीनला लावली. पडद्यावर दोन डोंगर आले आणि दोन्ही उजवीकडे आले.

"बघा," सर म्हणाले. "बर्फातल्याही चमकतायत. म्हणजे चिकटलंय नुसतं. खाणं नव्हे."

प्रयोग संपला होता, तेव्हा हिनं तोंड उघडलं. "सर, बर्फातली नळी तुम्ही टेबलावरच्या बाटलीनं धुतलीत. गार बाटली तशीच आहे. तिचं झाकणसुद्धा निघालेलं नाही."

सगळे त्या बाटलीकडे बघायला लागले. सरांनी एप्रन काढला, घडी घातली आणि म्हणाले, "असेल. मग आज काहीच सिद्ध झालं नाही."

"पुन्हा करा ना."

"मला वेळ नाही, बाई. विषय संपला."

घरी जाताना रस्ताभर मी हिच्यावर डाफरत होतो. डोळ्यांदेखत चूक होत होती आणि तू मूग गिळून उभी राहिलीस. शब्द दिला म्हणून काय झालं, असले शब्द काय चाटायचेत? ती बराच वेळ ऐकून घेत होती. मग रस्त्यातच थांबली. "मी बाटली दाखवली असती, तर उद्या म्हणाले असते हिनं माझ्याकडून करून घेतलं. आज निदान सगळ्यांना ठाऊक आहे की झाकण निघालं नव्हतं." माझा राग त्यानं गेला नाही. पण तो हिच्यावरचा होता, तो सरांवर गेला आणि तिथंच राहिला.

मग तो शोधनिबंध जायची वेळ आली. पिकलेली पेशी बाहेरचं काही आत घेणं थांबवते, असं त्याच्या मथळ्यातच होतं, आणि लिहिणाऱ्यांत हिचं नाव सरांच्या नावालगत होतं. ही सरांकडे गेली आणि म्हणाली, माझं नाव काढा. सरांना वाटलं ती रुसली आहे. त्यांनी समजूत काढली, नाव आणखी वर घेतो म्हणाले. ही म्हणाली, वर नको, बाहेर हवंय. 'साखर पिणं थांबवते' असं लिहा, मी सही करते. 'काहीच घेत नाही' हे मी बघितलेलं नाही. तेव्हा सर चिडले. ज्या घरचं खाल्लं त्याच घरचे वासे मोजताय, असं म्हणाले. हे तिनं मला शब्दशः सांगितलं आणि सांगताना पहिल्यांदाच तिचे डोळे भरले. नाव निघालं. निबंध गेला. छापून आला तेव्हा त्यातले निम्मे डोंगर हिच्या हातचे होते आणि नाव कुठंच नव्हतं.

लेकीचा फोन आला. ती लांब राहते आणि लांबून सगळं सोपं दिसतं. "आई, शेवटचे काही महिने राहिलेत, कशाला वाकड्यात शिरतेस? आता या वयात नवीन काय करायचंय तुला?"

"या वयात म्हणजे काय गं?" ही म्हणाली. "पिकलं की तोंड मिटतं, असं तेही म्हणतात आणि तूही म्हणतेस. मी दिसेल ते घेत नाही आता, एवढंच. घ्यायचं ते अजून घेते." मग फोन ठेवून मला म्हणाली, लेकीला उगाच बोलले. मी म्हणालो, उगाच नाही बोललीस, अजून दोन वाक्यं बोलायला हवी होतीस.

निरोपाचा दिवस ठरला. कार्यालयातली एक हसरी बाई घरी आली, आवडीचा रंग विचारून गेली, म्हणजे शाल येणार हे कळलं. जाताना म्हणाली, तुम्हीही दोन शब्द बोला हं, आठवणी वगैरे. समारंभ कुठं आहे, असं हिनं विचारलं. सभागृहातच, दुसरीकडे इतकी माणसं मावत नाहीत. ही म्हणाली, "मग मला फळा लागेल."

"फळा? कविता बिविता लिहिणार की काय?"

"तसंच काहीतरी."

ती बाई खूश होऊन गेली. मी मात्र हिच्याकडे बघतच राहिलो. ते सभागृह, तो फळा, आणि सरांच्या परवानगीची गरज नसलेला एक दिवस. असा दिवस तिच्या नोकरीत एकच होता आणि तो शेवटचा होता. नंतर ती बोलणार कुठं आणि ऐकणार कोण? मी विचारलं, लोक चिडले तर? ती म्हणाली, चिडले तर निवृत्त करतील.

समारंभाला सभागृह भरलं होतं. लोकांच्या हातांत चहाचे पेले, मांडीवर बिस्किटांच्या बशा. सर अध्यक्ष. ते हिच्याबद्दल खरंच चांगलं बोलले, मधे त्यांचा आवाजही जड झाला. म्हणाले, इतक्या वर्षांत या बाईंनी कधी कशाला नाही म्हटलं नाही. त्यावर मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. मग शाल झाली, फुलं झाली आणि हिला बोलायला बोलावलं.

हिनं शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली, फळ्यापाशी गेली आणि डाव्या हातात फळ्याचं पेन घेतलं. "मला दोन शब्द बोलायला सांगितलंय," ती म्हणाली. "पहिला शब्द साखर. दुसरा बर्फ."

लोक हसले. कविता येणार असंच सगळ्यांना वाटत होतं. हिनं फळ्यावर एक तरुण पेशी काढली आणि एक पिकलेली. आपण आजवर काय दिलं ते सांगितलं. साखर संपली त्या दिवशी काय दिलं ते सांगितलं. डोंगर काढले, उबेतला आणि बर्फातला. हळूहळू चहाच्या पेल्यांचा आवाज बंद झाला. कार्यालयातली बाई बावरून सरांकडे बघायला लागली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ घड्याळ बघून उठले, दारापर्यंत गेले आणि दारातच उभे राहून ऐकायला लागले. हिचा आवाज मात्र घरात भाजीचं सांगावं तसा होता.

"हा प्रयोग एकदा प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर झाला," ती म्हणाली. "त्या दिवशी बर्फातली नळी कोमट पाण्यानं धुतली गेली. तशी चूक कुणाकडूनही होते, मीही केली आहे. पण चुकीच्या धुण्यावरून विषय संपत नाही. नळी पुन्हा धुवायची असते."

सरांचं नाव तिनं घेतलं नाही. सर पुढच्या खुर्चीत बसून होते, गुडघ्यांवर हात ठेवून, फळ्याकडे बघत. ते उठतील आणि काहीतरी बोलून गोड शेवट करतील असं मला वाटलं. ते उठले नाहीत.

"पिकलेली पेशी खात नाही असं आपण म्हणत आलो," ही म्हणाली. "ती खाते. ती निवडून खाते. एवढंच मला सांगायचं होतं, आणि ते याच खोलीत सांगायचं होतं." मग तिनं जे केलं ते त्या सभागृहात फक्त सर करत आले होते. पेन खाली धरून तिनं लोकांकडे बघितलं आणि विचारलं, "काही प्रश्न?"

निरोपाच्या समारंभात प्रश्न कोण विचारणार? कुणी हललं नाही. हातातल्या बिस्किटाचं काय करावं ते लोकांना कळेना. ती उभी राहिली. घाई न करता, सगळ्यांना विचार करायला वेळ देत असल्यासारखी उभी राहिली. मला वाटलं आपणच काहीतरी विचारावं, पण मी पडलो शिंपी. हिचं सगळं बोलणं पालथ्या घड्यावर गेलं असं मनात आलं आणि मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला.

तेव्हा सर उठले.

चष्मा काढला, पुन्हा घातला, फळ्याच्या जवळ गेले आणि पिकलेल्या पेशीच्या चित्रासमोर थांबले.

"ती हे जे नंतर खाते," त्यांनी विचारलं, "ते पुढे गाठीत दाखवते का? की नुसतं पोटात ठेवते?"

या प्रश्नाचा अर्थ मलाही कळला. खात असेल तरच पुढचं विचारता येतं. हिच्या हातातलं पेन थोडं हललं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तो हात हलताना बघितला.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली. "ते बघायला मला वेळ मिळाला नाही."

सरांनी मान हलवली. सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि ते बरंच झालं. ही फळ्याकडे वळली. दोन डोंगरांच्या खाली, उद्या जो कुणी तिथं कामाला येईल त्याला नीट वाचता यावा अशा सुवाच्य अक्षरात, तिनं सरांचा प्रश्न लिहिला. पेनाला टोपण लावलं. ते सरांच्या हातात दिलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

सर पेन हातात धरून फळ्यापाशी उभे होते.